घरच्या डबल साइड बोर्डसाठी राउंड पिन आयसी बेस, वापरून बघितल्यावर

साधा चपट्या पत्तीचा आयसी बेस (बोर्डावर सोल्डर करून त्यात आयसी म्हणजे चिप खोचायचा सॉकेट) घरी केलेल्या डबल साइड, म्हणजे दोन्ही बाजूंना तांब्याचे ट्रॅक असलेल्या, बोर्डावर लावायच्या भानगडीत पडू नका, आधीच सांगून टाकतो. फॅक्टरीतून आलेल्या बोर्डात भोकाच्या आतून तांब्याचा थर असतो, खालून सोल्डर केलं की वरचा ट्रॅकपण जोडला जातो. आपल्या घरी फेरिक क्लोराइडमध्ये नको ते तांबं विरघळवून केलेल्या बोर्डात भोक म्हणजे नुसतं भोक, वर ट्रॅक येत असेल तर वरूनपण सोल्डर मारावंच लागतं, आणि साधा बेस बोर्डाला असा चिकटून बसतो की वरचं पॅड (भोकाभोवतीचं सोल्डर मारायचं तांबं) प्लास्टिकखाली गडप. मी पहिल्यांदा हेच केलं आणि मग बोटाने दाबलं की चालतंय, सोडलं की बंद, असा खेळ दोन रात्री चालला.

मग राउंड पिनवाले घेतले, ते लेथवर कातल्यासारख्या गोल पिनांचे. यात पिनेचा जाड भाग प्लास्टिकच्या खाली थोडा उतरलेला असतो, त्यामुळे सोल्डरिंग आयर्नचं बारीक बिट (टोक) आत घालायला फट मिळते. पण फट अगदीच कमी आहे, म्हणून सोल्डर करताना खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवतो आणि नंतर ओढून काढतो. फार उचलू नका, पाय जेमतेम ३ मिमीचे, त्यातला १.६ मिमी बोर्डातच जातो, मग खालून धरायला काय उरणार!

माझ्या मते बेसपेक्षा राउंड पिनची सिंगल पट्टी भारी. हवी तेवढी तोडायची, दोन ओळी ७.६२ मिमी अंतरावर लावायच्या, मधे आडव्या दांड्या नाहीत त्यामुळे आतल्या बाजूनेपण बिट पोचतं. फक्त गरम झालं की पिना कलतात, त्यामुळे एखादी मेलेली आयसी त्यात खोचून मगच सोल्डर करा (चालू आयसी खोचू नका, उगाच तापते). बाय द वे २८ पिनचा अरुंद बेस नसेल तर १४ पिनचे दोन एकापुढे एक लावले तरी तंतोतंत बसतात.

पकड मस्त आहे, आयसी हलत नाही, आणि पिन खालून बंद असल्यामुळे फ्लक्स (सोल्डरमधला चिकट राळेसारखा पदार्थ) वर चढून कॉन्टॅक्ट खराब करत नाही. उलट तीच पकड काढताना नडते, एका टोकाने उचकटलं तर पाय वाकलेच म्हणून समजा, दोन्ही टोकांना आळीपाळीने स्क्रू ड्रायव्हर लावा. आणि हेडरच्या (वायरी जोडायच्या पिनांच्या पट्टीच्या) चौकोनी पिना यात कोंबू नका, मी कोंबल्या, ती भोकं ढिली झाली आणि त्यात नंतर आयसी नीट धरेना. साध्या बेसपेक्षा महागपण पडतात, सिंगल साइड बोर्डला मी अजून साधेच वापरतो.

बेस पुन्हा काढायचा झाला तर मात्र रडायची वेळ, दोन्हीकडून सोल्डर केलेलं एकदम निघत नाही, जोर केला तर पॅडच उखडतं. प्लास्टिक कटरने फोडून एकेक पिन गरम करून ओढायची, हाच मार्ग.

आयसी घालायच्या आधी मल्टिमीटरची एक टोकणी पिनेच्या तोंडात आणि दुसरी वरच्या ट्रॅकवर धरून बीप ऐका, पॅडवर नाही, थेट ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला. आणि लेआउट करतानाच वरचे ट्रॅक शक्यतो आयसीच्या पिनेवर आणू नका, बाजूला भोक पाडून त्यात तार घालून दोन्हीकडून सोल्डर करा, मग वर सोल्डर मारायच्या पिना चार-पाचच उरतात.