गुळासोबत तपासणीचा अहवाल देणारे शाहूपुरीतील दुकान

शाहूपुरीतील या गूळ विक्रेत्याकडे प्रत्येक रव्यासोबत (गुळाच्या ढेपेसोबत) प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत मिळते, आणि कोल्हापुरात गूळ निवडताना रंगापेक्षा हा कागद अधिक भरवशाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. उजळ पिवळ्या गुळाला गिऱ्हाईक जास्त म्हणून काही गुऱ्हाळांवर काहिलीत हायड्रॉस ही रंग उजळवणारी गंधकयुक्त पूड टाकतात आणि त्यातून गुळात सल्फर डायऑक्साइडचा अंश उरतो. येथील गूळ तांबूस, रवाळ आणि चवीला खमंग आहे. मी घेतलेल्या रव्याच्या अहवालात किलोमागे २८ मिलिग्रॅम अशी नोंद होती. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत गुळासाठी ७० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

मात्र ‘सत्तरच्या आत आहे, म्हणजे कुणीही कितीही खावा’ हे दुकानदारांचे म्हणणे मला पटले नाही. ७० हा आकडा गुळाचा आहे, खाणाऱ्याचा नाही. खाणाऱ्याची मर्यादा ठरवताना प्राण्यांवरील दीर्घकालीन प्रयोगांत ज्या मात्रेपर्यंत अपाय आढळला नाही ती मात्रा घेतात, आणि प्राणी व माणूस यांच्यातील फरकासाठी १० ने, तर माणसामाणसांतील फरकासाठी पुन्हा १० ने भागतात. सल्फर डायऑक्साइड आणि त्याचे क्षार, म्हणजे सल्फाइटे, यांच्यासाठी ही मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ७० मिलिग्रॅम निघाली, म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा ०.७ मिलिग्रॅम ठरवली. त्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४२ मिलिग्रॅम चालतात, पण १५ किलोच्या मुलाला केवळ १०.५. या दुकानातील ५० ग्रॅम गुळातून १.४ मिलिग्रॅम पोटात जातात, ही चिंतेची बाब नाही. तरीही बेदाणे, जर्दाळू आणि बाटलीबंद रसांतून येणारा अंश त्याच १०.५ मध्ये मोजावा लागतो. शिवाय युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उपलब्ध माहिती अपुरी असल्याच्या कारणावरून आपली ०.७ ची तात्पुरती मर्यादा २०२२ साली मागे घेतली आहे.

दम्याच्या काही रुग्णांना तर याहून कमी मात्रेतही त्रास होऊ शकतो, आणि त्याविषयी दुकानात एकही सूचना लावलेली नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. अहवालाच्या मागील कोऱ्या बाजूवर वजनानुसार रोजची मर्यादा आणि दम्याविषयीचा इशारा छापणे सहज शक्य आहे, व तशी विनंती मी दुकानदारांना केली आहे. घरात दम्याचा रुग्ण असल्यास अंश न आढळलेल्या घाण्याचा (एका वेळी शिजवलेल्या खेपेचा) गूळ मागून घ्यावा. अहवाल प्रत्येक घाण्याचा स्वतंत्र असल्याने तो निवडून देता येतो.