यंदाची दिवाळी मुलांसोबत: बालगृहात की कापसाच्या गावात?

दसरा झाला की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, 'यंदा दिवाळी निराधार मुलांसोबत करायची आहे, कुठं जाऊ?' आमच्या यवतमाळ-अमरावती भागात याचे मुख्यतः दोन रस्ते आहेत. जिल्ह्यातल्या एखाद्या बालगृहात जायचं, किंवा कापूस पिकवणाऱ्या गावात मुक्काम टाकून सुट्टीतल्या मुलांचं शिबिर चालवायचं. मी चार दिवाळ्या बालगृहात काढल्या, तीन गावात. दोन्हीकडची गरज खरी आहे, पण वेगळी आहे.

आधी बालगृह. सुट्टी लागली की ज्यांची आई, मामा, आजी अशी कुणी आहेत ती मुलं बालकल्याण समितीच्या (अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या) परवानगीनं घरी जातात. मागं राहतात ती न्यायला कुणीच येणार नसलेली. धनत्रयोदशीपर्यंत त्यांचे डोळे फाटकाकडे असतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फाटक उघडतं ते पाहुण्यांसाठी. पहिल्या वर्षी मी मोजलं होतं, संध्याकाळपर्यंत सात गट आले. प्रत्येकासमोर तीच प्रार्थना, तोच फराळ, तोच फोटो. रात्री एक दहा वर्षांचा मुलगा सोनपापडीचे डबे आपल्या पेटीत कपड्यांखाली लावून ठेवत होता. कुणासाठी, विचारलं तर म्हणाला, बहिणीसाठी. ती दुसऱ्या तालुक्यातल्या मुलींच्या गृहात होती. मग त्यानं मला विचारलं, "काका, तुमी उद्या बी येता का?"

दुसऱ्या दिवसापासून कुणीच येत नाही. कर्मचारीही आळीपाळीनं सुट्टीवर असतात. तेव्हा स्वयंपाकघरात मुलांसोबत शंकरपाळे लाटायला, नखं कापायला, तुटलेली बटणं लावायला, नुसतं शेजारी बसून गोष्टीचं पुस्तक वाचायला माणूस हवा असतो. म्हणून बालगृह निवडलंत तर लक्ष्मीपूजन सोडा. पाडव्यापासून पुढचे चार दिवस द्या.

नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. अधीक्षकांची परवानगी आधी घ्यावी लागते, ओळखपत्र द्यावं लागतं. मुलींच्या गृहात पुरुषानं मुक्कामाची अपेक्षा धरू नये. मुलांचे चेहरे मोबाईलवरून कुठंही टाकायचे नाहीत. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि 'तुझे आईबाबा कुठं आहेत' हा प्रश्न तोंडून निघता कामा नये.

गावाकडची गोष्ट निराळी. दिवाळी म्हणजे कापसाचा पहिला वेचा. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा, झालेली असते, मजुरी किलोमागे मिळते, त्यामुळे बाया सकाळीच वावरात जातात. दहा-बारा वर्षांची पोरं एकतर सोबत वेचतात, नाहीतर धाकट्याला कडेवर घेऊन दिवस काढतात. एका माउलीला मी विचारलं, पोरांना घरी का ठेवत नाही? ती म्हणाली, "पोट्ट्याले घरी कोनाच्या भरोशावर ठेवू?" तिच्या नवऱ्यानं कर्जापायी जीव दिला होता.

या उत्तरावरूनच शिबिराची वेळ ठरते. दोन तासांची चित्रकला घेऊन निघून गेलात तर त्या बाईला काही उपयोग नाही. ती वावरातून परत येईपर्यंत मुलं सांभाळली आणि दुपारी पोटभर वरण-भात घातला, तरच ती मोठ्या मुलीला वेचणीला न नेता पाठवते. शिबिर सगळ्या गावासाठी खुलं ठेवा. 'ज्यांचे वडील गेले ती मुलं' असं वेगळं बोलावलं की मुलं मान खाली घालून बसतात, हे मी माझ्या चुकीतून शिकलो.

पंधरा-सोळा वर्षांचे मात्र दिवसा हाती लागत नाहीत, ते मजुरीवर असतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी कबड्डीचं मैदान आखा, बोलणं तिथंच होतं.

गावात किमान तिघं हवेत, त्यात एक तरी बाई. जिल्हा परिषद शाळेची खोली मुख्याध्यापकांकडून सुट्टी लागण्याआधीच मागून घ्या. किराणा, राहणं, प्रथमोपचार सगळं तुमचं. बालगृहात हा भार नसतो. गावातलं शिबिर सात-आठ दिवसांपेक्षा कमी ठेवू नका.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. मुलानं छळाचं काही सांगितलं तर ते पोटात ठेवायचं नाही. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

एकटे असाल आणि चारच दिवस असतील तर बालगृह, पण पुढं महिन्यातून एकदा जाता येईल असंच निवडा. तिघं-चौघं असाल आणि आठवडा मोकळा असेल तर माझं मत गावाकडे. एकच दिवस असेल तर जाऊ नका. अधीक्षकांना यादी विचारून थंडीचे स्वेटर पाठवा.

बालगृह ठरलं तर अर्ज कोजागिरीपर्यंत द्या. त्यातच विचारा, दोन गृहांत विभागलेली भावंडं भाऊबीजेला भेटवता येतील का. परवानगी समितीची, सोबत गृहाची ताई, गाडी तुमची. सोनपापडीचे डबे जमवणाऱ्या त्या मुलाची भेट अशीच झाली, दुसऱ्या वर्षी. डबे तोवर बुरसले होते. बहिणीनं ओवाळलं, तेव्हा त्यानं ताटात आपल्या हातानं लाटलेले शंकरपाळे ठेवले.