बेसबॉलचं जुनं कार्ड घेताना मी कसा फसलो

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी १,८५० डॉलर मोजून टाय कॉब या शंभर वर्षांपूर्वीच्या बेसबॉलपटूचं एक जुनं चित्रकार्ड घेतलं. ते खोटं निघालं. पैसे परत मिळालेले नाहीत आणि आता मिळतील अशी आशाही उरलेली नाही. तरी लिहितोय, कारण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांत मुलांच्या निमित्ताने ही कार्डं घेणारे बरेच आहेत, आणि मी जिथे चुकलो तिथे शहाणा माणूसही सहज चुकेल.

आम्ही पिट्सबर्गला राहतो. मी लहानपणी साताऱ्यात काडेपेट्यांचे छाप जमवायचो, माझा मुलगा बेसबॉलची कार्डं जमवतो. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. इथल्या स्टेडियमबाहेर होनस वॅग्नरचा पुतळा आहे. वॅग्नर शेजारच्या कार्नेगीचा, पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), या गावाचा लाडका. १९०९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, त्याच्या पायरेट्सनी डेट्रॉइट टायगर्सना ४-३ असं हरवलं. समोर डेट्रॉइटकडून टाय कॉब होता. त्या काळातले दोन सगळ्यात मोठे फलंदाज एकमेकांसमोर आलेली ही मालिका. मुलाने शाळेत तिच्यावर प्रकल्प केला आणि तेव्हापासून घरात वॅग्नर आणि कॉब याशिवाय दुसरा विषय नव्हता.

त्याच वर्षी, १९०९ मध्ये, अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेट-तंबाखूच्या पाकिटांत खेळाडूंची छोटी रंगीत चित्रं घालायला सुरुवात केली. १९११ पर्यंत ती निघत होती. संग्राहक या संचाला टी-२०६ म्हणतात. कार्ड जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडं उंच. समोर खेळाडू, मागे सिगारेटची किंवा तंबाखूची जाहिरात: पीडमाँट, स्वीट कॅपोरल, सोव्हरिन, पोलर बेअर अशा सोळा नावांपैकी एक. वॅग्नरचं कार्ड मात्र फार थोडं छापलं गेलं, कारण त्याने परवानगी नाकारली. मुलांनी आपल्या चित्रासाठी सिगारेटी विकत घेऊ नयेत म्हणून, असं सांगतात. पैशांवरून बिनसलं होतं, असंही काही जण म्हणतात. आज त्याची पन्नास-साठच कार्डं माहीत आहेत. २०२२ मध्ये त्यातलं एक ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं. 

वॅग्नर आपल्याला या जन्मी परवडणार नाही, हे मुलाला पक्कं ठाऊक होतं. पण कॉब? त्याची टी-२०६ मध्ये चार वेगवेगळी चित्रं आहेत. त्यातलं लाल पार्श्वभूमीवरचं सगळ्यात जास्त सापडतं. मळलेलं, कोपरे झिजलेलं घेतलं तर मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यात येतं. तेराव्या वाढदिवसाला द्यायचं, असं मी आणि बायकोने ठरवलं आणि मी पैसे बाजूला टाकत गेलो.

एका रविवारी गावाबाहेरच्या हॉटेलात कार्डांचं प्रदर्शन होतं. मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, काचेच्या पेट्या. तिथे मी दोन-तीन विक्रेत्यांकडे लाल कॉबची चौकशी केली. आज वाटतं, घोळ तिथेच झाला. मी काय शोधतोय, किती खर्च करायची तयारी आहे, हे सगळं मी मोठ्याने बोलत होतो. बाहेर पार्किंगमध्ये गाडीपाशी पोचलो तर साठीच्या आसपासचा एक गृहस्थ मागून आला. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर पायरेट्सची टोपी, बोलणं अगदी मऊ. "तुम्ही कॉब शोधताय असं ऐकलं." त्याचे आजोबा होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात कामाला होते म्हणे, पीडमाँट ओढायचे, सिगारच्या डब्यात कार्डं जपून ठेवायचे. डबा आता याच्याकडे आलेला. बायकोच्या आजारपणात एकेक विकावं लागतंय. आत टेबल मांडायला भाडं पडतं, म्हणून बाहेरच विकतो.

कापडी पिशवीतून त्याने कार्ड काढलं. ते एका नामांकित ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लास्टिकच्या पेटीत होतं. या पेटीला इथे स्लॅब म्हणतात. या कंपन्या कार्ड तपासतात, एक ते दहा असा दर्जा देतात (दहा म्हणजे उत्तम) आणि वर लेबल लावून कायमचं बंद करतात. लेबलावर क्रमांक असतो. मी लगेच फोनवर कंपनीच्या पानावर तो क्रमांक टाकला. समोर आलं: टी-२०६, टाय कॉब, लाल पोर्ट्रेट, मागे पीडमाँट, दर्जा दोन. हातातल्या लेबलाशी अक्षरन् अक्षर जुळत होतं. तिथे माझा संशय मावळला. तो कोणाचाही मावळला असता आणि ठगांना नेमकं तेच हवं असतं.

किंमत मी लिलावांत पाहिली होती त्यापेक्षा चार-पाचशे डॉलरनी कमी होती. फार कमी असती तर मी सावध झालो असतो. अडचणीतला माणूस थोडं सोडतो, इतकीच कमी होती. मग तो म्हणाला, ॲपवरून पाठवताना "मित्र आणि नातेवाईक" हा पर्याय निवडा, नाहीतर कंपनी माझ्याकडून तीन टक्के कापून घेते. त्याच्या बायकोचं आजारपण आताच कानावर पडलेलं. आपल्याला असल्या वेळी "नाही" म्हणवत नाही. मी १,८५० डॉलर पाठवले. त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरून आभार मानले.

वाढदिवसाला मुलाने भेटीवरचा कागद काढून पेटी पाहिली आणि काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला. रात्री ती उशाशी घेऊन झोपला.

आमच्या भागात एक निवृत्त पोस्टमन राहतात. गेली चाळीस वर्षं ते फक्त महायुद्धांपूर्वीची कार्डं जमवतात. मुलगा मोठ्या उत्साहाने त्यांना दाखवायला घेऊन गेला, मी सोबत होतो. त्यांनी कार्डाकडे पाहिलंच नाही. आधी पेटीच्या कडेवरून नख फिरवलं. मग मला विचारलं, "उघडू का?" खऱ्या पेटीचे दोन भाग ध्वनिलहरींनी वितळवून जोडलेले असतात, ती उघडायची तर फोडावी लागते, प्लास्टिकचे तुकडे उडतात. आमची त्यांनी चपट्या स्क्रूड्रायव्हरने एका कडेला दाबली आणि ती जेवणाच्या डब्याचं झाकण निघावं तशी निघाली. मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी दहा पटीचं भिंग माझ्या हातात दिलं आणि खाली छापलेलं खेळाडूचं आणि शहराचं नाव बघायला सांगितलं. ही कार्डं शिळाछापाची, त्या तंत्रात नावाची तपकिरी अक्षरं सलग शाईने उमटतात, कडा धरून. आमच्या कार्डावरची अक्षरं ठिपक्यांची होती. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके एकमेकांत मिसळून लांबून तपकिरी दिसत होते. म्हणजे कोणीतरी खऱ्या कार्डाचा फोटो काढून आजच्या यंत्रावर छापला होता. त्यांनी दिवे घालवून अतिनील टॉर्च मारला. कार्ड निळसर पांढरं चमकलं. कागद शुभ्र दिसावा म्हणून जी द्रव्यं घालतात ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातली. १९०९ चा कागद असा चमकत नाही, तो मंदच राहतो.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते शेवटचं. कार्डावर खांद्याजवळून तिरपी जाणारी एक घडी होती. मी विकत घेताना मनाशी म्हटलं होतं, शंभर वर्षांचं कार्ड, घडी असणारच, उलट घडी म्हणजे खरेपणाचीच खूण. पोस्टमनकाकांनी मुलाला सांगितलं, "डोळे मीट आणि बोट फिरव." त्याने फिरवलं. काहीच लागलं नाही. कागद सपाट होता. घडी छापलेली होती.

मागच्या बाजूला, तळाशी, नखाएवढ्या जागेवर कागदाचे तंतू उभे राहिले होते आणि तिथला मळ बाकीच्या मळाहून जास्त गडद होता. पुनर्मुद्रण केलेल्या कार्डांवर प्रामाणिक छापणारे "रीप्रिंट" असं स्पष्ट छापतात. तो शब्द इथे घासून काढला होता आणि वर माती चोळली होती. असली पुनर्मुद्रित कार्डं दोन-चार डॉलरना उघड मिळतात, आठवण म्हणून ठेवायला चांगली असतात. गुन्हा ती छापण्यात नाही, तो शब्द घासण्यात आहे.

आणि क्रमांक? तो खराच होता. कुणा भल्या माणसाच्या संग्रहात तो खरा कॉब पडून असेल, त्याच्या लेबलावरचं सगळं उचलून याने नवं लेबल छापलं. जुन्या प्रमाणपत्रांसोबत कंपनीच्या पानावर कार्डाचा फोटो पुष्कळदा नसतोच, त्यामुळे क्रमांक जुळतो पण कार्ड तेच आहे का हे कळत नाही. ज्या क्रमांकामागे फोटो आहे असंच कार्ड घ्या, आणि त्या फोटोतले डाग, कोपरे, छपाईची मांडणी हातातल्या कार्डाशी एकेक ताडून बघा. मी हे केलं असतं तर पार्किंगमध्येच उलगडा झाला असता.

पेटी खरी असली तरी निर्धास्त होऊ नका, असं काकांनी बजावलं आणि पीएसए या कंपनीने दर्जा दिलेल्या पहिल्याच कार्डाची गोष्ट सांगितली. ते होतं वॅग्नरचं टी-२०६, सगळ्यात प्रसिद्ध. १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ते लिलावात ४,५१,००० डॉलरना घेतलं. दर्जा मिळाला आठ. कोपरे इतके धारदार कसे, अशी कुजबुज वर्षानुवर्षं चालू होती. शेवटी २०१३ मध्ये ते पूर्वी विकणारा लिलावदार बिल मास्ट्रो याने न्यायालयात कबूल केलं, की त्याने कार्डाच्या कडा कापल्या होत्या. त्याला वीस महिन्यांची कैद झाली. कार्ड खरंच आहे, पण जगातलं सगळ्यात नावाजलेलं कार्ड छाटलेलं निघतं तिथे आपण लेबलावर किती विसंबायचं?

पुढचं थोडक्यात. ॲपवाल्यांनी हात वर केले: तुम्ही स्वतः मित्राला भेट म्हणून पैसे पाठवलेत, खरेदीचं संरक्षण लागू होत नाही. तीन टक्के म्हणजे साडेपंचावन्न डॉलर. ते मी स्वतः भरले असते आणि "वस्तू व सेवा" हा पर्याय निवडला असता तर तक्रार उभी राहिली असती. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बँकेकडे दाद मागता आली असती. पोलिसांत तक्रार दिली, एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडेही दिली. खात्यावरचं नाव त्याचं नव्हतंच. प्रदर्शनवाल्यांचं म्हणणं, हॉलबाहेर काय होतं त्याला आम्ही जबाबदार नाही. नियमाने ते बरोबर आहे. आत टेबल मांडून बसणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन आयोजकांकडे नोंदलेला असतो. म्हणून आतच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि घ्यायच्या आधी भिंग मागा. खरा विक्रेता चिडत नाही, स्वतःचं काढून देतो.

एका ओळखीच्याने मला सुचवलं, तूही दुसऱ्या कुणाला विकून मोकळा हो. ते मला जमणारं नव्हतं. कार्डाच्या मागच्या बाजूला मुलाने पक्क्या शाईने मोठ्या अक्षरात "खोटं" लिहिलं, आई शिकवते त्या मराठीत, आणि ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.

सप्टेंबरमध्ये मंडळाच्या गणपतीला ओहायोतल्या कोलंबसहून एक मित्र आला होता. आरतीनंतर प्रसाद घेताना म्हणाला, पोरासाठी एक भारी कार्ड मिळतंय, बघ तरी. त्याने फोन पुढे केला. लाल पार्श्वभूमी, टाय कॉब, सीलबंद पेटी. लेबलावरचा क्रमांक माझ्या कार्डाचा नव्हता. विकणाऱ्याचं नाव वेगळं होतं, गाव वेगळं होतं, आजोबा मात्र याही वेळी कारखान्यातलेच. मी फोटो मोठा केला. खांद्याजवळून तिरपी निघालेली घडी थेट खाली नावातल्या पहिल्या अक्षराला जाऊन टेकत होती. माझ्या खणातल्या कार्डावर ती तिथेच टेकते.

मित्राने तोवर पैसे पाठवले नव्हते. तो फोटो मी तपास अधिकाऱ्याला दिलाय. असल्या किती प्रती फिरताहेत कोण जाणे. घडी लक्षात ठेवा: आपल्या डाव्या हाताकडच्या खांद्यापासून निघते, तिरपी खाली येते, नावाच्या पहिल्या अक्षरापाशी थांबते. आणि ती बोटाला लागत नाही.