लॉगिनची किल्ली: आरएसए की ईडी२५५१९?

दूरच्या सर्व्हरवर पासवर्डऐवजी किल्लीने सुरक्षित लॉगिन करायची पद्धत म्हणजे एसएसएच; आरएसए आणि ईडी२५५१९ हे त्या किल्लीचे दोन प्रकार. शिकायला आरएसएच बरं, हे आधीच कबूल करतो. ३ आणि ११ या मूळ संख्या घ्या, गुणाकार ३३. जाहीर घातांक ३, गुप्त घातांक ७. संदेश ४ असेल तर त्याचा घन ६४, ३३ ने भागून बाकी ३१. आता ३१ चा सातवा घात ३३ ने भागा, बाकी पुन्हा ४. सगळं वहीच्या अर्ध्या पानात. ईडी२५५१९ ज्या गणिती वक्रावर चालते, तो वक्र मात्र पहिल्या वाचनात माझ्या डोक्यावरूनच गेला.

पण एसएसएचची किल्ली वापरायला गणित सोडवावं लागत नाही. सुरक्षेवरूनही निवड होत नाही: ३०७२ बिटांची आरएसए आणि ईडी२५५१९ फोडायला साधारण सारख्याच कठीण, १२८ बिटांच्या पातळीवर आहेत. पुरेसा मोठा क्वांटम संगणक आला तर शोरच्या १९९४च्या अल्गोरिदमपुढे दोन्ही सारख्याच आडव्या.

माझं मत फिरलं ते कॉपी-पेस्टमुळे. ४०९६ बिटांच्या आरएसएची पब्लिक की (किल्लीचा सर्व्हरवर ठेवायचा जाहीर भाग) म्हणजे सलग ७१६ अक्षरं. सर्व्हरवर पासवर्ड लॉगिन बंद, त्यामुळे ती आपोआप पाठवायची सोय नाही. ब्राउझरमधल्या कन्सोलमधून चिकटवली. उत्तर एकच: ‘परमिशन डिनाइड’. का, ते नाही. फाइलच्या परवानग्या तपासल्या, सर्व्हिस रीस्टार्ट केली, किल्लीसुद्धा नवी काढली. शेवटी एडिटरमध्ये ओळींचे क्रमांक चालू केले, तर एका ओळीत हवी ती किल्ली दहा ओळींत पसरलेली! अरुंद टर्मिनलमधून उचलताना तुकडे झाले होते. चूक माझीच, पण अख्खी दुपार गेली.

ईडी२५५१९ची तीच गोष्ट ६८ अक्षरांत. तुटली तरी लगेच दिसते. सुरुवातीची अक्षरं सगळ्यांची सारखी असतात, म्हणून शेवटची सहा-सात ताडून पाहिली की झालं.

अर्थात समोर २०१४ पूर्वीचं, म्हणजे ६.५ च्या आधीचं ओपनएसएसएच (एसएसएचचं प्रचलित सॉफ्टवेअर) असेल तर ईडी२५५१९ चालत नाही, या दोघांत आरएसएच उरते. आणि तुमची जुनी आरएसए किल्ली ‘बंद पडली’ म्हणून घाईने पुसू नका. ओपनएसएसएचच्या ८.८ आवृत्तीपासून आपोआप नाकारली जाते ती शा-१ या जुन्या हॅश पद्धतीने केलेली सही. तीच किल्ली नव्या शा-२ने सही करून चालते. नवी काढणार असाल तर ९.५ पासून काही न सांगता ईडी२५५१९च मिळते. मला तरी ते पटलं.

माझ्याकडे एक आरएसए किल्ली अजून आहे, एका जुन्या नेटवर्क स्विचपुरती. ती कॉपी करण्याआधी टर्मिनलची खिडकी ताणून पूर्ण रुंद करून घेतो.