जुनी टाटामोबाईल आणि हायवेकडचं बिनपाटीचं गॅरेज, माझा रिव्ह्यू

पाच पैकी चार स्टार. एक स्टार पेंटचा कापलाय, ते पुढं सांगतो.

गॅरेज पिंपळगाव बसवंतला आहे, हायवेच्या सर्व्हिस रोडला. पाटी-बिटी काही नाही त्यामुळं मॅपवर शोधत बसू नका, सापडणार नाही, सरळ कुणालाही विचारा की जुन्या सुमोवाले चाचा कुठं बसतात, दारात दोन-तीन बॉनेट उघड्या सुमो दिसल्या की तेच समजायचं. चाचा आणि त्यांचा पुतण्या असे दोघंच मेन, वेल्डिंगवाला आणि पेंटर बाहेरून येतात.

गाडी माझी टाटामोबाईल २०६ पिकअप, १९९५ चं मॉडेल, वडिलांनी नवीन घेतलेली. आताच्या पोरांना ही गाडी दाखवली तर सुमोचं तोंड कापून मागं डाला लावलाय का असं विचारतात, खरं तर उलटं आहे, ही आधीची. टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, १९८८ ला टाटामोबाईल काढली, मग त्यावरनं सिएरा, इस्टेट आणि १९९४ ला सुमो आली. इंजिन तेच १९४८ सीसीचं डिझेल. आता याचा फायदा काय तर टाटामोबाईल बंद होऊन किती काळ लोटला तरी सुमो २०१९ पर्यंत निघत होती आणि जुन्या सुमो अजून ढिगानं आहेत, त्यामुळं इंजिन गिअरबॉक्सचं सामान मिळतं, नवं नाही तर भंगारातलं तरी मिळतंच. बॉडीचं मात्र विसरा. फाळका, डाल्याचा पत्रा, मागची काच, हे जे आहे तेच जपायचं नाहीतर बनवून घ्यायचं. म्हणूनच अशी गाडी कुणाच्याही हातात द्यायची नाही, ज्याला बदलायचंच माहीत आहे आणि दुरुस्त करायचं माहीत नाही अशा माणसाकडं तर अजिबातच नाही.

हिवाळ्यातच का टाकली ते सांगतो कारण बरेच जण विचारतात. पावसाळ्यात पत्रा सुकत नाही, आज घासलेला पत्रा उद्या सकाळी पिवळा पडलेला असतो. उन्हाळ्यात द्राक्ष आणि मग उन्हाळ कांदा, गाडी सोडवतच नाही. राहिला हिवाळा. लाल कांदा असतो तेव्हा पण तो मेव्हण्याच्या बोलेरोनं लासलगावला नेला. आणि दुसरं म्हणजे गाडीचा खरा आजार थंडीतच कळतो. आमच्या निफाड तालुक्याची थंडी म्हणजे पेपरात दरवर्षी फोटो येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ अंशावर गेला वगैरे, तर त्या पाऱ्यात सकाळी साडेसहाला ही गाडी चालू करायची म्हणजे घरातली सगळी माणसं उठवावी लागायची. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, मग ढकला, मग पांढराफेक धूर आणि कच्च्या डिझेलचा वास, अर्धी गल्ली शिव्या देणार. रात्री गाडी उतारावर तोंड करून लावायची हा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली होती, नाव नको, त्यांनी बॉनेट उघडून एक मिनिट आवाज ऐकला आणि इंजिन खोलावं लागेल म्हणाले, पिस्टन रिंग लायनर सगळा सेट, आकडा ऐकून मी घरी आलो. चाचांनी काय केलं ते सांगतो म्हणजे माणूस कळेल. मी इंजिनचं बोलायला लागलो तर म्हणाले, "भाऊ, इंजिनला आत्ता हात नाय लावायचा, पहिले थंडीचं बघू." संध्याकाळी गाडी ठेवून घेतली आणि मला सकाळी सातला बोलावलं, थंड इंजिनच पाहिजे म्हणाले. सकाळी चारही हीटर प्लग खोलले, एक एक करून पकडीत धरला, बॅटरीवरनं वायर ओढून टेकवली. पहिला टोकाला लाल झाला, पाच-सात सेकंदात लालभडक. दुसरा काळाच. तिसरा पण काळाच. चौथा जरा कुठं लालसर होऊन थांबला. चार पैकी एक धड हीटर घेऊन ही गाडी इतकी वर्षं निफाडच्या थंडीत चालू होत होती!

या इंजिनमध्ये डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, बाजूला एक छोटं चेंबर असतं त्यात आधी पेटतं आणि मग खाली येतं. थंडीत त्या चेंबरचं लोखंडच सगळी उष्णता खाऊन टाकतं म्हणून हीटर लागतो. डीआय, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर पडणाऱ्या इंजिनवाल्यांना ही भानगड एवढी नसते त्यामुळं त्यांचे सल्ले आपल्याला लागू होत नाहीत, हे डोक्यात ठेवा, कट्ट्यावर सल्ले देणारे सगळे डीआयवालेच असतात.

मग हीटर काढलेलेच होते तर त्याच भोकात गेज लावून कॉम्प्रेशन पण बघून घेतलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे, एकही पडलेला नाही. म्हणजे रिंगचं काम निघतच नव्हतं. मला गेज वाचायला लावला स्वतः, माझ्याच हातानं आकडे खडूनं बॉनेटवर लिहिले. हे मला लई आवडलं. इथं गिऱ्हाईकाला बाजूला बसवून चहा पाजत नाहीत, टॉर्च धरायला लावतात.

बाकी निघालं ते असं. इंजिन ते चासीची अर्थिंगची पट्टी आतनं हिरवी पडून सडली होती, ती बदलल्यावर सेल्फ एकदम वेगळाच फिरायला लागला, मी तर बॅटरी नवीन टाकली का म्हणून विचारलं. सेल्फचे कार्बन आणि बुश बदलले. डिझेल फवारणारे नोझल काढून नाशिकला डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं पाठवले, दोन नोझल थेंब टाकत होते. चाचा अजून डिझेल पंपाला मायकोचा पंपच म्हणतात, मायको कंपनीचं नाव २००८ ला बॉश झालं तरी. पंपाला हात लावला नाही, चांगलाय म्हणाले, तिथं पण पैसे काढता आले असते त्यांना.

रेडिएटर हा आमच्या भागाचा स्वतंत्र विषय आहे. बोअरचं पाणी ओतायची सवय सगळ्यांना, आणि आमचं बोअरचं पाणी म्हणजे बादलीला पांढरा थर धरतं, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत. जुना पितळी रेडिएटर आहे त्यामुळं वरची टाकी सोडवून नळ्यांतनं सळई फिरवून परत झाळून दिला. जे निघालं ते एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं होतं मला दाखवायला, चुना आणि गंज, मूठभर तरी असेल. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी टाकलं तर परत गाडी आणू नको म्हणून दम दिलाय.

पत्र्याचं काम सगळ्यात मोठं होतं आणि तिथंच जास्त दिवस गेले. द्राक्षवाल्यांच्या पिकअपचा डाला कशानं जातो माहितीये का, पावसानं नाही, मोरचूदानं. बोर्डोच्या, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे ड्रम डाल्यात, ते हिंदकळतात, मोरचूद लोखंडाला लागला की लोखंड खातोच. त्यात खताच्या गोण्या, युरिया, पोटॅश, गोणी फाटली की खत कोपऱ्यात जाऊन बसतं, ओल लागली की झालं. वरनं डाला ठीक दिसत होता, चाचांच्या पुतण्यानं खालनं स्क्रू ड्रायव्हर घेऊन ठोकत ठोकत नेला आणि एका ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. डाल्याखालच्या दोन आडव्या पट्ट्या गेल्या होत्या. केबिनमध्ये रबरी मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पण पापडासारखा. मुख्य चासी चांगली निघाली, देवाची कृपा, ती गेली असती तर मीच नाद सोडला असता.

सडलेला पत्रा पूर्ण कापला, वरनं पट्टी मारून झाकला नाही. हे बघा म्हणजे कळतं गॅरेज कसंय, कारण सडक्या पत्र्यावर पट्टी मारून वर लांबी (पुट्टी) भरली की दोन पावसाळे निघतात आणि तिसऱ्याला लांबीसकट पडतं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची वायर सोडली, हे न सांगता केलं. आतनं बाहेरनं रेड ऑक्साईड, खालनं काळं कोटिंग. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात ती मातीनं बुजलेली, ती मोकळी केली, फुकटचं काम पण दरवाजे त्यानंच सडतात.

ब्रेकचं थोडक्यात, मागचे व्हील सिलिंडर गळत होते, लायनर तेलानं माखलेले, मास्टर सिलिंडरचं किट, सगळं ब्रेक ऑइल नवीन. स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश आणि शॅकल पिना बदलल्या, प्रोपेलर शाफ्टचा एक क्रॉस बदलला, सगळ्या निपलांना ग्रीस. रिकामी गाडी खड्ड्यात आपटायची तो खडखडाट गेला. आणि वायरिंग, ते तर उंदरांनी. कांदा चाळीशेजारी गाडी लावता ना मग होणारच.

आता पेंट. इथं माझं समाधान झालेलं नाही. पेंटर बाहेरचा, दोन-तीन गॅरेज धरून असतो, त्यामुळं आज येतो उद्या येतो. हिवाळा पेंटला चांगला हे खरंय, हवा कोरडी असते, पण सकाळच्या दवात नाही ना चालत, पत्रा गार असतो आणि त्याला न दिसणारी ओल असते. ऊन वर आल्यावर अकरा ते तीन हीच खरी वेळ. डाव्या बाजूला त्यानं बरोबर दुपारी मारला, एक नंबर झालाय. उजव्या दरवाज्याला घाईत सकाळी मारून गेला, तिथं धुरकट झाक आली. चाचांनी त्याच्याकडनं घासून परत मारून घेतला, पैसे घेतले नाहीत, पण शेड बारीकसा वेगळाच, उन्हात उभी केली की कळतं. आणि हायवेच्या कडेला उघड्यावर मारणार म्हणजे धूळ बसणारच. मालवाहू गाडी आहे म्हणून मी सोडून दिलं. तुमची हौसेची गाडी असेल, शोला न्यायची असेल तर इथं फक्त मेकॅनिकल आणि वेल्डिंग करा, पेंट बूथ असलेल्या ठिकाणी करा.

वेळेचं पण बोलायला हवं. दिवाळी झाल्यावर टाकली ती संक्रांतीच्या जरा आधी मिळाली. चाचा तारीख देतात ती धरायची नाही. फोन उचलत नाहीत, समोर जाऊन उभं राहिलं की काम होतं. बिल छापील मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात, पण काढलेला प्रत्येक जुना पार्ट गोणीत भरून दिला मला, आणि वहीत जे लिहिलं ते गोणीशी जुळत होतं. सगळं मिळून साठ-पासष्ट हजार गेले, त्यात निम्मे तर पत्रा आणि पेंट. घरच्यांचं म्हणणं एवढ्यात सेकंडहँड काहीतरी आलं असतं, आलं असतंच, फक्त त्याच्यात परत एवढेच घालावे लागले असते.

पासिंगचं, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीचं सांगतो, जुनी गाडी नीट करायला निघालेल्यांनी आधी याचा हिशोब करा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, आणि पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची फी एप्रिल २०२२ पासून चांगलीच वाढवलीय, शिवाय पर्यावरण कर. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. रिफ्लेक्टर टेप पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, तीच लावा, दुकानदार काहीही रंग देतो. हॉर्न, वायपर, इंडिकेटर सगळं चाचांनी आदल्या दिवशी तपासून दिलं, गाडी एका फेरीत पास झाली.

आता सकाळची पद्धत अशी. चावी एक टप्पा फिरवून हीटरचा दिवा जाईपर्यंत थांबायचं, मग सेल्फ, अर्ध्या फेरीत चालू. लगेच रेस द्यायची नाही, मिनिटभर आपली टकटक करू द्यायची. संध्याकाळी टाकी भरलेली ठेवायची, रिकाम्या टाकीत रात्री गारव्यानं आत पाणी धरतं, आणि डिझेल फिल्टरखालचा स्क्रू अधनंमधनं सोडून ते पाणी काढायचं. थंडीत डिझेलमध्ये रॉकेल मिसळा म्हणणारे लोक भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढं जा. रॉकेलनं पंपाला वंगण मिळत नाही, पंप जातो. डिझेल गोठतं वगैरे ते लडाखला, इंडियन ऑइलनं २०१९ ला तिकडच्यासाठी उणे ३३ अंशात पण न गोठणारं वेगळं डिझेल काढलं, निफाडला काय गोठणारे.

कुणी जावं? जुनी सुमो, स्पेशिओ, २०७, टाटामोबाईल असेल तर डोळे झाकून. सेन्सरवाली नवीन गाडी असेल तर जाऊ नका, स्कॅनर नाही त्यांच्याकडं आणि ते स्वतःच घेत नाहीत. शुक्रवारी दुपारी बंद असतं. फेब्रुवारीनंतर द्राक्षाच्या गाड्यांची लाईन लागते, तेव्हा मोठं काम घेऊन गेलात तर गाडी नुसती झाडाखाली उभी राहील, त्यापेक्षा दिवाळीच्या आधीच जाऊन बोलून ठेवा आणि थोडी रक्कम उचल द्या, सामान ते स्वतः मालेगावहून आणतात.