द्वारका-सोमनाथ की कच्छ? चाळीस जणांना घेऊन निघायच्या आधी वाचा

दिवाळी संपली की दरवर्षी आमच्या भजनी मंडळात आणि सोसायटीत हाच विषय निघतो, की यंदा गुजरात करायचं. आणि गुजरात म्हटलं की अर्धे जण म्हणतात द्वारका, सोमनाथ, अर्धे म्हणतात नको ते सगळेच करतात, आपण नारायण सरोवर, कोटेश्वर, रण वगैरे करू, आणि मग कोणीतरी हुशार माणूस नकाशा उघडून म्हणतो अहो दोन्ही शेजारी शेजारीच आहे, एकाच ट्रिपमध्ये उरकून टाकू. इथेच सगळा घोळ होतो. नकाशावर द्वारकेजवळचं ओखा आणि कच्छमधलं मांडवी समोरासमोर दिसतात खरे, पण मध्ये कच्छचं आखात आहे, बसने जायचं तर जामनगर, मोरबी, सामखियाळी असा पूर्ण वळसा घालून चारशेच्या वर किलोमीटर होतात, म्हणजे एक अख्खा दिवस नुसता बसमध्ये. ज्येष्ठ मंडळी असतील तर त्याच्या पुढचा अर्धा दिवस पण गेलाच समजा.

म्हणून आधी ठरवा सौराष्ट्र (म्हणजे द्वारका-सोमनाथची बाजू) की कच्छ. माझं मत आधीच सांगून टाकतो, ग्रुपमध्ये निम्म्याहून जास्त लोक पहिल्यांदा जाणारे आणि साठीच्या पुढचे असतील तर सौराष्ट्रच करा. ज्यांचं द्वारका-सोमनाथ एकदा झालंय, बसमध्ये बसायची तयारी आहे आणि दर्शनाइतकीच जागेची ओढ आहे त्यांनी डोळे झाकून कच्छ.

सौराष्ट्राचं काय आहे की तिथे देवळं मोठी आणि सोयी पण मोठ्या. द्वारकेला जगत मंदिर, म्हणजे द्वारकाधीशाचं देऊळ, पाच मजली, बहात्तर खांबांवर उभं, आणि वर ती बावन्न गजी ध्वजा जी दिवसातून अनेक वेळा बदलतात आणि प्रत्येक ध्वजा कोणत्या ना कोणत्या कुटुंबाने बोललेली असते, वाजतगाजत घेऊन येतात डोक्यावर. तुम्ही गोमती घाटावरून छप्पन पायऱ्या चढून स्वर्गद्वाराने आत जायचं आणि मोक्षद्वाराने बाहेर. गुडघेदुखीवाल्यांना बाजारपेठेच्या बाजूने आणा, तिकडे चढ नाही एवढा. फक्त एक लक्षात ठेवा, दुपारी एकच्या सुमारास मंदिर बंद होतं ते संध्याकाळी पाचपर्यंत उघडत नाही. किती ग्रुप मी बघितलेत जे सकाळी नाश्ता, चहा, परत चहा करत साडेबाराला लाईनीत उभे राहतात आणि मग चार तास धर्मशाळेच्या ओट्यावर बसून टूर मॅनेजरला शिव्या घालतात. बेट द्वारकेला पण दुपारी बंदच असतं.

बेट द्वारकेवरून आठवलं, आधी ओख्याहून बोटीने जायला लागायचं, बोटीत इतकी माणसं कोंबायचे की आमच्या मावशी रामरक्षा म्हणत बसायच्या. आता फेब्रुवारी 2024 पासून सुदर्शन सेतू झालाय, 2.32 किलोमीटरचा, बस थेट पलीकडे जाते. फूटपाथच्या कडेने गीतेतले श्लोक आणि कृष्णाची चित्रं लावलीत. काही जुनी मंडळी म्हणतात बोटीची मजा गेली, गेली असेल, पण काठी टेकत चालणाऱ्या माणसाला त्या हलत्या बोटीत चढवताना ज्याने हात दिलाय त्याला विचारा.

द्वारकेच्या आसपासच नागेश्वर, गोपी तलाव, रुक्मिणी मंदिर, सगळं एका दिवसात आरामात होतं. नागेश्वरला गेलात की ग्रुपमधलं कोणीतरी हमखास म्हणणार, खरं ज्योतिर्लिंग आपलं औंढा नागनाथ. म्हणू द्या, दर्शन घ्या आणि पुढे चला, बसमध्ये वाद घालायला भरपूर वेळ आहे कारण पुढे सोमनाथपर्यंत सव्वादोनशेच्या वर किलोमीटर आहेत. वाटेत पोरबंदरला कीर्ती मंदिर आणि सुदामा मंदिर, पाय मोकळे करायला चांगलं.

सोमनाथ मात्र वेगळंच प्रकरण. समुद्राचा आवाज गाभाऱ्याच्या बाहेरपर्यंत येतो. आत्ताचं मंदिर स्वातंत्र्यानंतरचं, सरदार पटेलांनी नोव्हेंबर 1947 मध्ये संकल्प केला आणि 11 मे 1951 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते प्रतिष्ठा झाली. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सात अशी आरती असते, संध्याकाळची धरा. मोबाईल आत चालत नाही, बाहेर जमा करायचा, आणि चाळीस माणसांचे मोबाईल जमा करून परत घ्यायचे म्हणजे अर्धा तास तिथेच जातो हे वेळापत्रकात धराच. मराठी ग्रुपने एक गोष्ट चुकवू नये, मोठ्या देवळापासून हाकेच्या अंतरावर अहिल्याबाई होळकरांनी 1783 मध्ये बांधलेलं जुनं सोमनाथ आहे. तिथे पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्यात जाता येतं, गर्दी कमी, आणि निवांत बसून एखादा अभंग म्हणायचा तर तोच देव बरा. बऱ्याच टूरवाल्यांच्या यादीत ते नसतं, तुम्ही मागून घ्या. भालका तीर्थ, जिथे व्याधाचा बाण कृष्णाच्या पायाला लागला ती जागा, आणि त्रिवेणी संगम पण जवळच.

राहायचं म्हणाल तर सोमनाथ ट्रस्टची स्वतःची गेस्ट हाऊस आहेत, लीलावती, माहेश्वरी, सागर दर्शन, स्वच्छ, ऑनलाईन बुकिंग होतं पण लवकर करायला लागतं. ग्राउंड फ्लोअरच्या खोल्या आणि वेस्टर्न टॉयलेट आधीच सांगून ठेवा, तिथे पोचल्यावर मागितलं तर मिळेलच असं नाही.

आता गिरनार. हा सौराष्ट्राच्या बाजूचा सगळ्यात मोठा मोह आहे, दत्तभक्तांचा ग्रुप असला की जुनागढ दोन-अडीच तासांवर आहे मग जाऊच की. रोपवे झालाय ना आता, असं म्हणतात. झालाय, ऑक्टोबर 2020 पासून, पण तो अंबाजीपर्यंतच नेतो, म्हणजे साधारण दहा हजारांतल्या पाच हजार पायऱ्या वाचतात. तिथून गोरखनाथ शिखर, मग बरंच खाली उतरायचं आणि परत दत्तशिखर चढायचं, आणि येताना हेच उलट. पादुकांपर्यंत पोचायला अजूनही पाय लागतातच किंवा डोली. वारा वाढला की रोपवे बंद ठेवतात, मग सगळा प्लॅन कोसळतो. त्यामुळे द्वारका-सोमनाथच्या मध्ये एका दिवसात गिरनार कोंबू नका, करायचं तर दोन रात्री जुनागढला ठेवा, नाहीतर गिरनार स्वतंत्र करा. जे चढणार नाहीत त्यांनी दिवसभर तळेटीला, म्हणजे पायथ्याशी, काय करायचं हे पण ठरवून ठेवा, नाहीतर तेच लोक संध्याकाळी सगळ्यात जास्त दमलेले असतात.

कच्छचा हिशोब पूर्ण वेगळा. तिथे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला दोन-दोन तीन-तीन तास, मध्ये गांडो बावळ (वेडी बाभूळ), उंट, पवनचक्क्या आणि काही नाही. भुजला मुक्काम करायचा आणि तिथून रोज एका दिशेला जायचं अशीच बहुतेकांची पद्धत. पश्चिमेला माता नो मढ, आशापुरा मातेचं ठाणं, कच्छच्या जाडेजा राजघराण्याची कुलदेवी, भुजहून शंभरेक किलोमीटर. अश्विन नवरात्रात लाखो लोक चालत येतात आणि रस्ताभर सेवेचे मांडव, ते बघायला भारी आहे पण चाळीस जणांची बस घेऊन त्या दिवसांत जाऊ नका, अडकाल. 2001 च्या भूकंपात या देवळाचं पण बरंच नुकसान झालं होतं, नंतर दुरुस्त केलं.

तिथून पुढे नारायण सरोवर. मानस, बिंदू, पंपा, पुष्कर आणि हे, अशा पाच पवित्र सरोवरांतलं एक. खरं सांगू का, तळं बघून काही लोक नाराज होतात, की एवढ्या लांब यासाठी आलो? त्यांना तसंच पुढे दोन किलोमीटरवर कोटेश्वरला न्या. जमीन संपते तिथे देऊळ आहे. पुढे नुसती कोरी क्रीक ही खाडी, दलदल, चिखल आणि पाणी, बाजूला बीएसएफची चौकी. गोष्ट आपल्याला गोकर्णाची माहिती आहे तशीच, रावणाला लिंग मिळालं, हातातून जमिनीवर आलं, पण इथे एका लिंगाची कोटी लिंगं झाली आणि रावणाला खरं कुठलं ते ओळखता येईना. भरतीच्या वेळी पाणी पायऱ्यांच्या जवळ येतं, वारा एवढा की साडीचे पदर सांभाळता सांभाळता बायका देवाला नमस्कार एकाच हाताने करतात.

इथे एक गोष्ट करा, त्याच दिवशी भुजला परत येऊ नका. जाऊन-येऊन तीनशेच्या वर किलोमीटर होतात, मंडळी मेटाकुटीला येतात, आणि सगळे टूरवाले हेच करतात कारण त्यांची एक रात्रीची हॉटेलची भानगड वाचते. नारायण सरोवरला धर्मशाळा आहे, साधी, अगदी साधी, गादी पातळ आणि गरम पाणी बादलीने, पण जेवण पंक्तीत बसून मिळतं, खिचडी-कढी, भाजी, रोटला, आपलं ताट आपण धुवायचं. हॉटेलची सवय असणाऱ्यांना आधी स्पष्ट सांगा म्हणजे तिथे तोंडं वाकडी होणार नाहीत. रात्री राहिलात तर कोटेश्वरची संध्याकाळची आरती मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लखपत होतं. लखपतचा किल्ला म्हणजे एकेकाळचं श्रीमंत बंदर, 1819 च्या भूकंपानंतर सिंधूचं पाणी दुसरीकडे वळलं आणि शहर ओस पडलं, आता तटबंदी सात किलोमीटरची आणि आत मूठभर घरं. गुरू नानक इथे राहिले होते असं मानतात, गुरुद्वारा आहे, 2004 मध्ये त्याच्या जतनासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. लंगरचा चहा प्यायचा, तटावर चढायचं, समोर रण.

आणि मग काळो डुंगर. कच्छमधला सगळ्यात उंच डोंगर, साडेचारशे मीटरच्या वर, माथ्यावर दत्तमंदिर. मराठी ग्रुपला हे सांगितलं की डोळे चमकतात, रणात दत्त? हो, रणातच. बस जवळपास वरपर्यंत जाते, शेवटी थोड्या पायऱ्या, म्हणजे ज्यांना गिरनार झेपत नाही त्यांना दत्तदर्शन इथे होतं. आरती झाली की पुजारी भाताचा प्रसाद घेऊन ठरलेल्या कट्ट्यावर जातो, हाका मारतो, आणि कोल्हे येऊन तो खातात. कथा अशी की भुकेल्या कोल्ह्यांना द्यायला काही नव्हतं तेव्हा दत्तगुरूंनी स्वतःचं अंग पुढे केलं. दरवेळी दिसतीलच असं नाही, बोलणाऱ्यांचा गलका असला की येत नाहीत, आणि आपला ग्रुप गप्प बसणं हे कोल्हे येण्यापेक्षा अवघड. वरून पांढरं रण पसरलेलं दिसतं. उताराच्या रस्त्यावर ड्रायव्हर गाडी बंद करून ती आपोआप चढावर जाते असं दाखवतो, ते मनोरंजन म्हणून घ्या.

त्याच दिवशी संध्याकाळी धोरडोचं पांढरं रण जमतं. परमिट लागतं, ओळखपत्र लागतं, सगळ्यांची आधारकार्डं मूळ घेऊन या असं चार वेळा सांगा, तरी दोन जण घरी ठेवूनच येणार. पावसाचं पाणी आटायला वेळ लागतो, म्हणून डिसेंबरच्या आधी गेलात तर पांढऱ्या मिठाऐवजी चिखल बघायला मिळू शकतो. पौर्णिमा धरून गेलात तर सोनं, पण मग टेंट, हॉटेल सगळ्याचे भाव पण त्याच दिवशी चढलेले असतात.

टॉयलेटचा प्रश्न बायका मोठ्याने विचारत नाहीत म्हणून मीच लिहितो. सौराष्ट्रात हायवेला दर थोड्या वेळाने चांगली हॉटेलं लागतात. कच्छमध्ये भुज सोडलं की पेट्रोल पंप आणि देवस्थानं यांच्यावरच भिस्त, त्यामुळे बस ठरवतानाच ड्रायव्हरशी थांबे बोलून घ्या. मधुमेहवाले आणि प्रोस्टेटवाले ग्रुपमध्ये असतातच, त्यांना पाणी कमी प्या असं सांगणं हा उपाय नाही.

जेवणाचं दोन्हीकडे सारखंच, डाळ गोड, भाजी गोड, तिसऱ्या दिवशी कोणीतरी बॅगेतून ठेचा काढणार आणि त्याचा भाव वधारणार. आचारी बरोबर असलेली टूर असेल तर प्रश्नच नाही, पण कच्छमध्ये आचाऱ्याची गाडी उशिरा पोचली तर आसपास दुसरं काही मिळत नाही, तेवढं धरून चाला. दाबेली मात्र मांडवीला जाऊन खा.

ट्रेनचं सांगायचं तर सौराष्ट्रला मुंबई सेंट्रलहून ओख्याला सौराष्ट्र मेल, ती थेट द्वारकेला सोडते, आणि परतीला वेरावळहून वांद्र्याची गाडी, म्हणजे आलो त्या वाटेने परत जायला नको. भुजला वांद्र्याहून कच्छ एक्सप्रेस, दादरहून सयाजीनगरी. चाळीस तिकिटं एका डब्यात हवीत तर बुकिंग उघडल्या दिवशीच बसायला लागतं, आणि लोअर बर्थवरून जे महाभारत होतं ते पंचवीस वर्षांची मैत्री तोडू शकतं. ज्येष्ठांची आणि तरुणांची नावं मिसळून फॉर्म भरा.

पैशात कच्छ स्वस्त पडेल असं वाटतं कारण धर्मशाळा, पण डिझेल जास्त जातं आणि रणोत्सवाच्या, म्हणजे धोरडोला हिवाळ्यात भरणाऱ्या उत्सवाच्या, काळात भुजच्या खोल्या महाग, त्यामुळे शेवटी फरक फार राहत नाही. ट्रॅव्हल्सवाल्याचं कोटेशन घेताना किलोमीटरवर दर आहे की दिवसावर हे कच्छसाठी नीट वाचा, एका ट्रॅव्हल्सवाल्याने आमच्याकडून शेवटच्या दिवशी जादा किलोमीटरचे वेगळे पैसे मागितले होते आणि पावतीवर ते बारीक अक्षरात लिहिलेलं पण होतं.

आणि तरीही दोन्ही एकत्रच करायचं असेल, अमेरिकेहून आलेला मुलगा आहे, परत योग येणार नाही वगैरे, तर दहा दिवसांच्या खाली जाऊ नका आणि सुरुवात भुजने करा. लांबचे पल्ले अंगात ताकद असताना होऊन जातात, मग जामनगरला एक रात्र थांबा, तिथे बाला हनुमान मंदिरात ऑगस्ट 1964 पासून अखंड रामधून चालू आहे, भजनी मंडळाने तिथे तासभर बसायलाच हवं. मग द्वारका, शेवटी सोमनाथ, आणि वेरावळहून गाडी. दिवाळी ते लाभपंचमीचा आठवडा मात्र कुठल्याही परिस्थितीत टाळा, त्या दिवसांत अख्खा गुजरात स्वतःच फिरायला निघालेला असतो आणि द्वारकेत खोलीच काय, बस उभी करायला जागा मिळत नाही.