शिगम्याची रील आणि देवळातलं नाटक: व्हिडिओ फोनवर लहान करावा की हँडब्रेकमध्ये?

गोव्यातला शिगमो (शिमगा) संपला की मंडळातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये व्हिडिओंचा ढीग साचतो आणि प्रश्न येतो, हे पाठवायचे कसे? फोनवरच व्हीएन किंवा इनशॉट या एडिटिंग अ‍ॅपमध्ये आवरून घ्यायचं, की संगणकावर हँडब्रेक हे व्हिडिओ लहान करणारं सॉफ्टवेअर टाकायचं? पैसे न मोजता तिन्ही वापरता येतात. माझ्या मते निवड दोन गोष्टींवर करावी: व्हिडिओ किती लांब आहे आणि तो जाणार कुठे.

आधी रील घेऊ. फोंड्याच्या मिरवणुकीतला रोमटामेळ (नाचत-गात जाणारा जथा), ढोल-ताशे, नाचणारे झेंडे, वर उधळलेला गुलाल. कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे फाइल दाबून लहान करताना, आधीच्या फ्रेमपेक्षा पुढच्या फ्रेममध्ये काय बदललं, मुख्यत्वे तेवढंच साठवलं जातं. गुलालाचा कण न् कण बदलत असतो, त्यामुळे साठवायला पुष्कळ लागतं. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवायची माहिती, कमी ठेवला की गुलालाच्या जागी गुलाबी चौकोन दिसतात. पण अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याला 12 मेगाबिटचा बिटरेट दिला तरी फाइल 45 एमबीच्या आसपासच राहते. म्हणून इथे फोनच घ्यावा. व्हीएनमध्ये एक्स्पोर्ट करताना बिटरेट स्वतः वाढवता येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. इनशॉट शिकायला सोपं, मराठी अक्षरं टाकायलाही सुटसुटीत. मात्र फुकट आवृत्तीत त्याचा शिक्का चित्रावर उमटतो. आकार 1080 बाय 1920 ठेवा, म्हणजे उभी चौकट भरते. इन्स्टाग्राम स्वतः पुन्हा कॉम्प्रेस करतंच, त्यामुळे आपण आधीच पिळून दिलेला व्हिडिओ तिथे दुसऱ्यांदा पिळला जातो.

देवळाच्या उत्सवातल्या नाटकाची गोष्ट वेगळी. अडीच तासांचा प्रयोग 8 मेगाबिटने साठवला तर 9 जीबी होतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनही 2 जीबीपर्यंतचीच फाइल जाते. इथे हँडब्रेकला तोड नाही. ट्रायपॉडवरचा कॅमेरा, मागचा पडदा तोच, हलतात ती फक्त पात्रं. अशा चित्राला कमी बिट पुरतात. 720पी निवडा, व्हिडिओचा सरासरी बिटरेट 1,500 किलोबिट आणि आवाज 160 ठेवा. बेरीज 1.9 जीबीच्या आत बसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप त्याला हात लावत नाही. हेच नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ म्हणून पाठवलं, तर कलाकारांचे चेहरे ओळखू येणार नाहीत इतकं ते दाबलं जाऊ शकतं. आकाराची अट नसेल तेव्हा सरासरी बिटरेट सोडून आरएफ, म्हणजे हँडब्रेकमधला दर्जाचा आकडा, 20 ते 24 दरम्यान ठेवावा. आकडा जितका लहान, दर्जा तितका वरचा आणि फाइल तितकी मोठी.

हँडब्रेकची मर्यादाही सांगायला हवी. तुकडे जोडणं, नावं टाकणं हे त्याचं काम नव्हे. तीन अंकांच्या तीन फाइल असतील तर त्या आधी दुसरीकडे जोडून आणाव्या लागतात. जुन्या लॅपटॉपवर वेळही बराच लागतो, रात्री लावून ठेवलेलं बरं.

माझा सगळ्यात जास्त जीव अडकतो तो घुमट आरतीत, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या आरतीत. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) सतत थोडा कमी-जास्त होतो. काही एडिटरना ते झेपत नाही आणि शेवटी शेवटी हात घुमटावर पडतो एका क्षणी, नाद येतो दुसऱ्या क्षणी. म्हणून मूळ फाइल आधी हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढून घ्यावी, मगच कापाकापी करावी. आवाजाचा बिटरेट 192 किलोबिटच्या खाली उतरू देऊ नये, कारण आवाज दाबला की कासाळ्यांची (झांजांची) किणकिण आणि शामेळ या चर्मवाद्याचा खणखणीतपणा आधी मरतो. आमच्या गावच्या आरत्यांतला अर्धा जीव तिथेच आहे.

यूट्यूबवर टाकायचं असेल तर लहान करायचा खटाटोपच कशाला? 1080पीसाठी यूट्यूब स्वतः 8 मेगाबिट आणि स्टिरिओ आवाजाला 384 किलोबिट सुचवतं. मूळ फाइल चढवा, ‘अनलिस्टेड’ (दुवा असेल त्यालाच दिसेल असा) ठेवा, दुवा ग्रुपवर द्या. सत्तरी तालुक्यासारख्या भागात अपलोड रखडत असेल तर आरएफ 20 ची प्रत करून चढवावी, दर्जा त्याहून खाली नेऊ नये, म्हणजे आकडा 20 च्या वर नको.

आणि व्हिडिओ दाबायच्या दोन पद्धतींपैकी एच.265 की एच.264? पहिल्याने फाइल बरीच लहान होते, पण गावातल्या वडीलधाऱ्यांच्या जुन्या फोनवर ती कधी अडकते, कधी उघडतच नाही. ग्रुपवर पाठवायची प्रत एच.264 मध्येच काढा.